तरुण वयातील दृष्टिदोष : वारंवार बदलणारा चष्म्याचा नंबर

दृष्टिदोष म्हटले की आपल्या मनात प्रथम मोतीबिंदू व वार्धक्य येते. तरुणांच्या डोळ्यांच्या बहुसंख्य तक्रारी साध्या असतात, हेही खरे. मात्र या साध्या तक्रारींच्या आडून येणारा एक विकार वेळीच ओळखला गेला नाही, तर ऐन उमेदीच्या वयात दृष्टी अधू होते. त्याची माहिती प्रत्येक कुटुंबास असावी, या हेतूने हे विवेचन.

तरुणांत सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे निकटदृष्टिता, अर्थात लांबचे अस्पष्ट दिसणे. प्रौढ व्यक्तीच्या नेत्रगोलाची लांबी सुमारे २४ मिलिमीटर असते. ती एका मिलिमीटरने वाढली तरी सुमारे अडीच ते तीन नंबरचा चष्मा लागतो. सामान्यतः विशीच्या सुरुवातीस हा नंबर स्थिरावतो. संगणक व मोबाइलच्या दीर्घ वापराने डोळे चुरचुरतात, कारण त्या वेळी पापण्यांची उघडझाप कमी होते. दर २० मिनिटांनी २० फूट अंतरावर २० सेकंद पाहिल्यास डोळ्यांना विसावा मिळतो.

परंतु नंबर, विशेषतः सिलिंडरचा, वारंवार बदलत असेल आणि नव्या चष्म्यानेही स्पष्ट दिसत नसेल, तर केवळ काच बदलून थांबू नये. हे केरॅटोकोनस या विकाराचे लक्षण असू शकते. यात बुबुळावरील पारदर्शक पटल, म्हणजेच कॉर्निया, पातळ होत जाऊन शंकूप्रमाणे पुढे येतो. मुळात त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. हा विकार बहुधा किशोरवयात सुरू होतो व तिशीपर्यंत वाढू शकतो. ॲलर्जीमुळे खाज सुटून डोळे सतत चोळण्याच्या सवयीशी त्याचा निकटचा संबंध आहे.

कॉर्नियाचा आकार मोजणाऱ्या टोपोग्राफी या वेदनारहित तपासणीने विकाराचे निदान लवकर होते. चष्मा घालवण्याच्या लेसर शस्त्रक्रियेपूर्वीही ही तपासणी आवश्यक आहे; कारण अशा डोळ्यावर लेसर केल्यास कॉर्निया अधिकच दुर्बळ होतो.

पूर्वी हा विकार थांबवण्याचा उपाय नव्हता. २००३ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी क्रॉस-लिंकिंग उपचाराचे रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. यात ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून डोळ्यावर नियंत्रित अतिनील किरण सोडतात व त्यायोगे कॉर्नियाच्या तंतूंची वीण घट्ट होते. हा उपचार प्रामुख्याने आहे ती दृष्टी राखण्यासाठी असतो. गेलेली दृष्टी त्याने पूर्ववत होत नाही. कॉर्निया फारच पातळ झाल्यास तो करणेही कठीण होते. मग विशेष कडक कॉन्टॅक्ट लेन्स आणि अखेरीस कॉर्निया-प्रत्यारोपण हेच मार्ग उरतात.

प्रत्यारोपणासाठी नेत्रदान हवे. मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत नेत्र काढता यावेत म्हणून नेत्रपेढीस लगेच कळवणे नातेवाइकांच्याच हाती असते. चष्मा असलेल्या किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीचेही नेत्रदान होऊ शकते.

देणगीदारांच्या साहाय्याचे मोल येथेच आहे. पैशाअभावी तपासणी लांबली, तर त्या काळात गेलेली दृष्टी पुढे कितीही खर्च केला तरी पूर्णतः परत मिळेलच असे नाही. पालकांनीही मुलाचा नंबर पुन्हा बदलला की जुन्या चष्म्यांच्या चिठ्ठ्या सोबत घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे जावे. त्या चिठ्ठ्यांवरून नंबर किती वेगाने वाढतो आहे, हे त्यांना लगेच कळते.