हबशी, सिद्दी आणि पडद्यावरील ‘परका’ : भारतीय चित्रपटातील कृष्णवर्णीयांची प्रतिमा

चित्रपटातील कृष्णवर्णीयांच्या साचेबंद प्रतिमांचा विचार सुरू होताच अभ्यासकासमोर प्रथम येते ती अमेरिकन चित्रपटाची परंपरा. डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ (१९१५) या मूकपटात गोऱ्या नटांनी चेहऱ्याला काळा रंग फासून कृष्णवर्णीय पात्रे रंगविली आणि कृष्णवर्णीय पुरुष हा गोऱ्या स्त्रीवर टपलेला हिंस्र पशू म्हणून उभा केला. डोनाल्ड बोगल यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा प्रतिमांचे पाच साचे सांगितले आहेत : आज्ञाधारक सेवक, विदूषक, मिश्र रक्तामुळे शोकांतिकेला जाणारी स्त्री, धन्याच्या घरची धिप्पाड दाई आणि कामुक-हिंस्र पुरुष. या साच्यांच्या मुळाशी मळ्यांवरील गुलामगिरीचा इतिहास आहे. गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आल्यावरही तिचे समर्थन करणारी मनोवृत्ती या साच्यांतून पडद्यावर आली.

हे वर्गीकरण जसेच्या तसे भारतीय चित्रपटाला लावावे काय, हा तौलनिक अभ्यासातील पद्धतीचा प्रश्न आहे. आपल्याकडे आफ्रिकन माणूस परिचयाचाच नव्हता, म्हणून त्याची प्रतिमा उसनी आली, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. ते अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आफ्रिकन वंशाचा माणूस दिल्लीच्या आणि दख्खनच्या इतिहासात नावानिशी, पदानिशी उपस्थित आहे. पडद्यावर तो ‘परका’ झाला, याचे कारण विस्मरणात शोधावे लागते.

प्रथम दिल्लीचे उदाहरण घेऊ. रझिया सुलतानच्या कारकिर्दीत (१२३६ ते १२४०) जमालुद्दीन याकूत हा हबशी सरदार अमीर-इ-आखूर, म्हणजे शाही पागेचा प्रमुख, होता. समकालीन इतिहासकार मिनहाज याकूतवरील राज्यकर्तीची मर्जी आणि त्यामुळे तुर्की अमिरांत पसरलेली नाराजी नोंदवितो. प्रेमप्रकरणाची कथा पुढील काळातील लेखनात वाढत गेली. कमाल अमरोही यांच्या ‘रझिया सुलतान’ (१९८३) या चित्रपटाने हीच वाढलेली कथा स्वीकारली. याकूतची भूमिका धर्मेंद्र यांनी त्वचा काळवंडून केली. येथे हबशी नायक आहे, शूर आहे, प्रेमास पात्र आहे. म्हणजे बोगल यांच्या कोणत्याच साच्यात तो बसत नाही. तथापि, त्याचे कृष्णवर्णीयत्व हा रंगभूषेचा भाग झाला आहे. तुर्की अमिरांचा राग ज्या सत्तास्पर्धेतून निर्माण झाला, ती मागे पडते आणि निषिद्ध प्रेम तेवढे पुढे येते. याकूतला प्रेमी म्हणून स्थान मिळते, परंतु राजकारणातील कर्ता पुरुष म्हणून मिळत नाही.

दख्खनचे उदाहरण अधिक बोलके आहे. इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा सूत्रधार झाला. त्याची जमीनमहसुलाची व्यवस्था आणि गनिमी युद्धपद्धती मराठी इतिहासलेखनाला सुपरिचित आहेत. भातवडीच्या लढाईत (१६२४) शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्याला जिंकणे जहांगीराला कधीच साधले नाही. परंतु अबुल हसन या दरबारी चित्रकाराने १६१६ च्या सुमारास काढलेल्या प्रसिद्ध चित्रात बादशहा अंबरच्या भाल्यावर खोचलेल्या छिन्न मस्तकावर बाण सोडताना दिसतो. वस्तुतः अंबर यानंतर सुमारे दहा वर्षे जगला आणि १६२६ साली वार्धक्याने मरण पावला. प्रतिमा वास्तवाचे वर्णन करतेच असे नाही. ती करवून घेणाऱ्याची इच्छाही ती पुरी करते, हे या चित्रावरून स्पष्ट व्हावे. चित्रपटाचा विचार करताना हे सूत्र उपयोगी पडते.

मराठी ऐतिहासिक चित्रपटात अंबरपेक्षा ठसठशीतपणे येतो तो वेढा घालणारा सिद्दी. १६६० चा पन्हाळ्याचा वेढा हा भालजी पेंढारकरांच्या ‘पावनखिंड’ (१९५६) पासून दिग्पाल लांजेकरांच्या ‘पावनखिंड’ (२०२२) पर्यंत पडद्याचा आवडता विषय राहिला आहे, आणि त्यात सिद्दी जौहर हा प्रतिपक्षाचा सेनापती असणे स्वाभाविकच आहे. प्रश्न त्याच्या खलत्वाचा नसून निवडीचा आहे. तो वेढा फोडण्याच्या प्रयत्नात सिद्दी हिलाल आणि त्याचा पुत्र शिवाजी महाराजांच्या बाजूने लढले व पुत्र जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला, ही गोष्टही त्याच प्रसंगाचा भाग आहे. एक सिद्दी सर्वांच्या ध्यानात राहतो, दुसरा अभ्यासकांपुरता उरतो. यामुळे ‘सिद्दी’ हे दोन्ही पक्षांत विभागलेल्या समाजाचे नाव न राहता एका पक्षाचे विशेषण बनते.

मराठी विचारविश्वाची दुसरी बाजूही येथे नोंदविली पाहिजे. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना दास्यमुक्त करण्यासाठी झटणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. दूरदेशीच्या कृष्णवर्णीयाशी दुःखाचे नाते जोडणारी अशी परंपरा अन्य भारतीय भाषांत क्वचितच आढळेल. असे असूनही मराठी पडद्यावर या नात्याची खूण फारशी उमटली नाही. ग्रंथातील बंधू आणि पडद्यावरील परका यांची गाठ पडलीच नाही.

समकालीन हिंदी चित्रपटात हे परकेपण निनावी होते. मधुर भांडारकर यांच्या ‘फॅशन’ (२००८) मध्ये नायिकेच्या अधःपाताचा तळ कोणता, हे दाखविण्यासाठी नशेच्या रात्रीनंतर ती एका कृष्णवर्णीय पुरुषाच्या शेजारी जागी होते. त्या पुरुषाला भूतकाळ नाही, इच्छा नाही. त्याचा रंग हाच त्या दृश्याचा अर्थ आहे. फ्रान्झ फॅनन यांनी ‘ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स’ (१९५२) मध्ये असे निरीक्षण नोंदविले आहे की टारझनपट पाहणारा अँटिलीसमधील कृष्णवर्णीय मुलगा स्वतःला गोऱ्या नायकाच्या जागी कल्पितो. ‘फॅशन’मधील ते दृश्यही भारतीय प्रेक्षकाला त्याच जागी बसविते. स्वतःच्या समाजात गोऱ्या-काळ्याचा हिशेब मांडणारा हा प्रेक्षक तेथे बसताना अवघडत नाही.

अशा प्रतिमांचा आणि रस्त्यावरील हिंसेचा संबंध सरळ कार्यकारणाचा आहे, असे म्हणता येणार नाही. परंतु दोहोंची भाषा एकच आहे. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या खिडकी एक्स्टेन्शन भागात राज्याच्या तत्कालीन कायदामंत्र्यांच्या उपस्थितीत मध्यरात्री आफ्रिकन स्त्रियांवर छापा घालण्याचा प्रकार घडला. अमली पदार्थ आणि वेश्याव्यवसाय हे आरोप होते. मे २०१६ मध्ये वसंत कुंज येथे काँगोमधून आलेल्या एका तरुणाचा मारहाणीत मृत्यू झाला. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एका स्थानिक मुलाच्या मृत्यूनंतर संशय आणि अफवा पसरल्या आणि नायजेरियन विद्यार्थ्यांवर मॉलमध्ये जमावाने हल्ला केला. नशा, देहविक्रय, नरभक्षण : संशयाची ही शब्दावली शेजारी राहणाऱ्या माणसाच्या अनुभवातून आलेली नव्हती. ती आधीच तयार होती.

पर्याय दिसत नाहीत असे मात्र नाही. झकरिया यांच्या ‘सुडानी फ्रॉम नायजेरिया’ (२०१८) या मल्याळम चित्रपटात मलप्पुरमला खेळायला आलेल्या नायजेरियन फुटबॉलपटूला नाव, घर, आजी आणि दुःख आहे. त्याला सरसकट ‘सुडानी’ म्हणणाऱ्या गावाचे अज्ञान हाच विनोदाचा विषय होतो. प्रदर्शनानंतर मुख्य नटाने मानधनाबाबत वर्णभेदाची तक्रार जाहीरपणे मांडली व ती पुढे मिटली, हेही विसरता येत नाही. पडद्यावरील न्याय पडद्यामागे आपोआप पोहोचत नाही. जयन चेरियन यांच्या ‘रिदम ऑफ दम्माम’ (२०२४) या चित्रपटात उत्तर कन्नडचे सिद्दी स्वतःच्या कोकणी बोलीत बोलतात. मराठी-कोकणीच्या अभ्यासकाला ही गोष्ट विशेष महत्त्वाची वाटावी, कारण येथे ‘परका’ आपल्याच भाषाकुलात बोलू लागतो.

यावरून प्रतिमेच्या परीक्षणासाठी काही प्रश्न हाती येतात. पात्राला नाव आहे काय? ते कोणत्या भाषेत बोलते? त्याला आप्त आणि भूतकाळ आहे काय? कथेतील एखादा निर्णय त्याचा आहे काय? हे प्रश्न बोगल यांच्या वर्गीकरणाला बाजूला सारत नाहीत, त्याला आपल्या इतिहासाची जोड देतात. याकूत, अंबर, हिलाल ही नावे आपल्याकडे होतीच. ती पडद्यापर्यंत का पोहोचली नाहीत, याचा शोध हा भारतीय चित्रपटाइतकाच आपल्या वाङ्मयेतिहासाच्याही अभ्यासाचा विषय आहे.