परिच्छेद कुठे मोडायचा?

घाटघरच्या पुढे, नाणेघाटाच्या तोंडाशी एक लेणे आहे. पावसाळ्यात तिथे गर्दी असते ती भिजणाऱ्यांची आणि फोटो काढणाऱ्यांची. आतल्या भिंतींवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे, तिकडे फारसे कोणी बघत नाही. सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून तो ओळखला जातो. १८२८ साली विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस तो पडला आणि पुढे अभ्यासकांनी वाचला. मजकूर म्हणाल तर जवळजवळ हिशेबाची वहीच. आधी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना नमन. मग राणीची ओळख. त्यानंतर यज्ञ आणि दक्षिणा. अग्न्याधेय यज्ञ, दक्षिणा बारा गाई, घोडा एक. पुढचा यज्ञ, त्याची दक्षिणा. असे चालूच राहते. बाराचा आकडा तर आधी अक्षरी आणि मग अंकी, आजच्या चेकवर लिहितात तसा.

या दगडावर परिच्छेद नाहीत. तरी वाचणारा अडखळत नाही, कारण यज्ञाचे नाव आले की नवी बाब सुरू झाली आणि दक्षिणा मोजून झाली की ती संपली, हे त्याला कळते. मला वाटते, परिच्छेद म्हणजे एवढेच. कोरी जागा नंतर आली. बाब पुरी होणे आधीपासून होते.

मोडीतही हेच. कागदावर आधी आडवी रेघ मारायची आणि तिला अक्षरे लटकवत, हात शक्यतो न उचलता, ओळ भरायची. शब्दांमध्येही जागा नाही, मग परिच्छेद कुठला? पण मायना संपून ‘विशेष’ आले की कामाचे बोलणे सुरू, आणि ‘बहुत काय लिहिणे’ आले की पत्र संपले. मागण्या अनेक असल्या तर कारकून कलमे पाडी. पूर्णविराम-स्वल्पविराम आपल्याकडे इंग्रजीमार्गे आले. मेजर थॉमस कँडींचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० सालचे. पॅरेग्राफ या शब्दाचे मूळ ग्रीक. तिकडे जुन्या हस्तलिखितांत विषय बदलला की समासात मारायच्या रेघेला ते नाव होते. म्हणजे तिथेही मुख्य आधार मोकळ्या जागेचा नव्हे, खुणेचा.

शाळेत मात्र ‘परिच्छेद पाडा’ म्हणतात आणि मुले पाच-सहा ओळी झाल्या की पाडतात. शेतात असे कोणी करत नाही. वाफा भरला की दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात घेतात, घड्याळ बघून नाही.

आमच्याकडे उसाला लागून गोठा असलेल्या एकाने मध्यंतरी अर्ज दाखवायला आणला. मजकूर साधारण असा होता: ‘पहाटे बिबट्याने वासरू मारले गोठ्याला दार नाही मुले उसाच्या वाटेने शाळेत जातात मागच्या वर्षी शेळी नेली तेव्हा अर्ज द्यायचा राहिला पंचनामा झाला आहे पिंजरा लावावा भरपाई मिळावी.’ सगळे खरे आणि सगळे एका दमात.

आम्ही समासात पेन्सिलीने प्रत्येक वाक्यापुढे एकेक शब्द लिहिला. वासरू, वासरू, वाट, शेळी, वासरू, वाट, वासरू. झाले काम! पहिला परिच्छेद वासराचा: कधी मारले, कुठे, पंचनामा झाला, त्याची प्रत जोडली आहे, भरपाई मिळावी. दुसरा वाटेचा. त्याचे पहिले वाक्य आम्ही असे केले: ‘गोठ्यालगतच्या याच उसाच्या वाटेने वस्तीवरची मुले शाळेत जातात.’ या ‘याच’ने दोन्ही परिच्छेद एकमेकांना धरले, ‘तसेच’ आणि ‘त्याचप्रमाणे’ची गरज पडली नाही. पिंजऱ्याची मागणी त्यामागे आपोआप आली. दार नसल्याचे वाक्य त्याला लपवावेसे वाटत होते. मी म्हटले, पंचनाम्यात ते असणारच, इथेही राहू दे. राहिले.

शेळीवर मात्र अडले. त्याला ती सगळ्यांत वर हवी होती, राग तिचाच होता. पण मनात जे आधी येते ते कागदावर आधी यायलाच हवे असे नाही, आणि दुसऱ्या वर्षाची शेळी या वर्षीच्या वासराच्या परिच्छेदात बसत नाही. परिच्छेद लिहिताना खरा त्रास होतो तो इथेच. जोडणे सोपे आहे, बाहेर काढणे जिवावर येते.

लांबीचे फार मनावर घेऊ नये. वर्तमानपत्राचा रकाना अरुंद, म्हणून तिथे तीन वाक्यांचा परिच्छेदही उंच दिसतो. मोबाइलवर तर एकेका वाक्याला परिच्छेद म्हणायची पद्धत पडली आहे. मला ती भाजी निवडून ठेवल्यासारखी वाटते, शिजवली कोणीच नाही. एका वाक्याचा परिच्छेद चालतो, पण त्या वाक्यात तेवढा दम हवा. उलट पानभर लांब परिच्छेदही चालतो, समासात एकच शब्द लिहून भागत असेल तर. दोन शब्द लागले आणि मध्ये ‘आणि’ घालावा लागला, की तिथे मोडा.

अर्ज अखेर दोन परिच्छेदांत, एका पानावर बसला. शेळीचा वेगळा लिहायचा ठरला आहे, तो अजून लिहिलेला नाही.