महामंडळाचं नाव लावणारं नाशिक

पाच वडांवरून पंचवटी, रामायणाच्या आधाराने तपोवन. रेल्वे स्थानकाने नाशिकरोडला नाव दिलं, मध्यवर्ती कारागृहाने जेलरोडला. एका वसाहतीचं तर नावच ‘उपनगर’; त्या नावाचं पोलीस ठाणंसुद्धा आहे! पण अंबडच्या अलीकडे पसरलेल्या मोठ्या वस्तीला मिळालं ते चक्क सरकारी कंपनीच्या इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांचं नाव: सिडको.

शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सिडको, १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालं ते मुंबईशेजारी नवं शहर वसवायला. त्या शहराने मात्र नवी मुंबई हे नाव घेतलं, आणि तिथला माणूस आजही वाशीला किंवा नेरूळला राहतो. नाशिकमध्ये उलट झालं. सातपूरला कारखाने आले, पाठोपाठ अंबडची औद्योगिक वसाहत. खानदेशातून, मराठवाड्यातून, जिल्ह्यातल्या खेड्यांतून आलेल्या कामगारांना परवडेल असं घर हवं होतं. मोरवाडी, उंटवाडी, कामटवाडे, अंबड या गावांच्या शिवारात महामंडळाने एकामागून एक सहा योजना उभ्या केल्या. लोकांच्या तोंडी त्या पहिली स्कीम, दुसरी स्कीम अशाच राहिल्या. घरं अगदी बेताची, भिंतीला भिंत लागून. पगारदार कामगाराला हप्त्यांवर मिळालेलं हे पहिलं हक्काचं घर. पुढे संसार वाढला तसे वर मजले चढले, पुढचं अंगणही खोलीत गेलं.

महापालिकेच्या दप्तरी हा ‘नवीन नाशिक’ विभाग. पाट्यांवर, निवडणुकीच्या कागदांवर हे नाव दिसतं, बोलण्यात क्वचितच. मला यात नवल वाटत नाही. घर मिळालं सिडकोकडून, जमीन भाडेपट्ट्याची होती, विकायचं झालं तरी ना हरकत दाखला सिडकोचाच लागायचा. ज्या कचेरीत वर्षानुवर्षं खेटे घालायचे, तिचं नाव जिभेवर बसणारच. खटकतं ते वेगळं. ज्यांच्या शेतांवर हे सगळं उभं राहिलं त्या गावांची नावं, अंबड सोडलं तर, आता बोलण्यात मागे पडली.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. रिक्षावाल्याला नुसतं ‘सिडको’ सांगून भागत नाही. त्रिमूर्ती चौक, पवननगर, उत्तमनगर, सावतानगर, लेखानगर, यांतलं नेमकं कुठलं ते आधी विचारून घ्या आणि मगच बसा.