रूळ एक, वीज निराळी

चिंचवड किंवा आकुर्डी स्थानकावर लोणावळा लोकलची वाट पाहताना आपले सर्वांचे लक्ष असते ते रुळांकडे. गाडी दिसली की आपण दाराचा अंदाज घेऊन पुढे सरकतो. डोक्यावरून गेलेल्या तांब्याच्या तारेकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. खरे म्हणजे त्या तारेला मोठा इतिहास आहे, आणि तो केवळ आपल्या गावचा नाही. मे महिन्याच्या सुट्टीत लंडन, पॅरिस, झुरिक आणि मिलान ही चार शहरे आगगाडीने पाहण्याचा योग मला आला, तेव्हा हे प्रकर्षाने जाणवले.

फ्रान्समधून स्वित्झर्लंडमध्ये आणि तेथून इटलीत जाताना सरहद्द केव्हा ओलांडली हे प्रवाशाला कळतही नाही. रूळसुद्धा तेच. या सर्व देशांत दोन रुळांमधील अंतर १,४३५ मिलिमीटर आहे. आपल्याकडे ते १,६७६ मिलिमीटर असते. मग सरहद्दीवर बदलते ते काय? बदलते ती वीज!

लंडन : फॅरडेचे कडे

लंडनमध्ये प्रवासी राजवाडा पाहतात, थेम्सवरचा पूल पाहतात. तुम्ही कधी गेलात तर आल्बेमार्ल स्ट्रीटवरील रॉयल इन्स्टिट्यूशन जरूर पाहा. मायकेल फॅरडेने १८३१ साली तेथेच एका लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यातील प्रवाह सुरू वा बंद करताच दुसऱ्या वेटोळ्यात क्षणभर वीज उत्पन्न होते, असे त्याला आढळले. प्रवाह स्थिर राहिला तर मात्र काहीच होत नाही. हे कडे म्हणजे आजच्या ट्रान्सफॉर्मरचा, म्हणजेच रोहित्राचा, पूर्वज होय.

यातली मेख लक्षात घ्या. रोहित्राला बदलता प्रवाह हवा. तो ज्यातून मिळतो त्या प्रत्यावर्ती प्रवाहाला आपण ए. सी. म्हणतो. त्याचा दाब रोहित्राने हवा तसा चढवता किंवा उतरवता येतो. बॅटरीतून मिळणाऱ्या एकदिश प्रवाहाचा, म्हणजे डी. सी.चा, दाब रोहित्राने बदलता येत नाही. रेल्वेच्या विजेची पुढची सगळी कथा या एका भेदातून निघाली आहे.

लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकातून निघालेली युरोस्टार समुद्राखालच्या ५० किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून सव्वादोन-अडीच तासांत पॅरिसला पोहोचते. तिचा वेग ताशी ३०० किलोमीटरपर्यंत जातो. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट दाबाचा ए. सी. असतो. परंतु नोव्हेंबर २००७ पर्यंत हीच गाडी लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून सुटत असे. त्या बाजूच्या जुन्या मार्गावर वरची तार नव्हती. रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्टचा डी. सी. घ्यावा लागे. त्यामुळे त्या जुन्या मार्गावर या वेगवान गाडीला ताशी सुमारे १६० किलोमीटरवरच समाधान मानावे लागे.

पॅरिस : अँपिअरचे नाव आणि एक गणित

पॅरिसचा आयफेल मनोरा १८८९ साली उभा राहिला. त्याच्या पहिल्या मजल्याखाली चारही बाजूंना फ्रान्समधील ७२ शास्त्रज्ञ व अभियंत्यांची नावे कोरली आहेत. त्यांत अँपिअरचे नाव आहे. विद्युत्प्रवाह आपण ज्याच्या नावाने मोजतो तो हाच.

पॅरिसहून झुरिकला जाणारी गाडी गार द लिआँ या स्थानकातून सुटते. तेथे तारेत १,५०० व्होल्टचा डी. सी. असतो. हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही भारतातील पहिली विद्युत् गाडी धावली ती १,५०० व्होल्ट डी. सी.वरच. १९३० पर्यंत हीच तार भोर घाट चढून पुण्यापर्यंत आली आणि त्याच वर्षी १ जूनला 'दख्खनची राणी' सुरू झाली. म्हणजे पिंपरी, चिंचवड, देहू रोड येथील तारांत आणि पॅरिसच्या त्या स्थानकातील तारांत अनेक वर्षे एकाच जातीची वीज होती.

पॅरिस सोडून थोडे अंतर गेल्यावर मात्र गाडी वेगवान मार्गावर येते आणि तारेत २५,००० व्होल्टचा ए. सी. येतो. हा खटाटोप कशासाठी? चला, हिशेब करू.

समजा, गाडीला ४,००० किलोवॅट शक्ती हवी आहे. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. दाब १,५०० व्होल्ट असेल तर तारेतून सुमारे २,६६७ अँपिअर प्रवाह वाहिला पाहिजे. दाब २५,००० व्होल्ट असेल तर केवळ १६० अँपिअर पुरतात. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पहिला प्रवाह दुसऱ्याच्या सुमारे १६.७ पट आहे. त्याचा वर्ग जवळजवळ २७८. म्हणजे तीच तार, तेच अंतर आणि तीच गाडी असेल तर नासाडी २७८ पट!

प्रत्यक्षात डी. सी. मार्गावर तारा जाड घालतात आणि दर काही किलोमीटरांवर वीज पुरवणारे उपकेंद्र उभारतात, म्हणून इतकी नासाडी होऊ दिली जात नाही. पण त्या जाड तांब्याला आणि त्या उपकेंद्रांना पैसा लागतोच. २५,००० व्होल्टच्या मार्गावर चाळीस-पन्नास किलोमीटरांत एक उपकेंद्र पुरते.

झुरिक : एका जुन्या निर्णयाचे ओझे

बाझेल येथे गाडी स्वित्झर्लंडमध्ये शिरते आणि वीज पुन्हा बदलते. दाब १५,००० व्होल्ट, प्रवाह ए. सी., पण त्याची वारंवारता मात्र ५० नाही, सेकंदाला केवळ १६.७ आवर्तने. असा विचित्र आकडा कोठून आला?

विसाव्या शतकाच्या आरंभी इंजिनांतील मोटारींना कम्युटेटर आणि त्याच्यावर घासणारे कार्बनचे ब्रश असत. अशा मोटारीला ए. सी. दिला की बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे ब्रशखाली आलेल्या वेटोळ्यांत नको असलेली वीज उत्पन्न होई आणि ठिणग्या उडत. पाहा, फॅरडेचाच नियम, पण येथे तो आडवा आला! बदल जितका जलद, तितक्या ठिणग्या जास्त. म्हणून वारंवारता कमी करायची असे ठरले. ५० चा तिसरा हिस्सा, म्हणजे १६ पूर्णांक दोन तृतीयांश, हा आकडा जर्मनीतील प्रशिया, बव्हेरिया आणि बाडेन येथील रेल्वेंनी १९१२ च्या सुमारास आपसांत करार करून पक्का केला. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्वीडन, नॉर्वे यांनीही तोच स्वीकारला. १९९५ साली जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंडने तो १६.७ असा नेमका केला, एवढाच काय तो बदल.

ठिणग्यांची ती अडचण केव्हाच दूर झाली आहे. पण हजारो किलोमीटर तारा आणि हजारो इंजिने एका दिवसात बदलता येत नाहीत. त्यामुळे घरांतील वीज ५० आवर्तनांची आणि रेल्वेची निराळी, असा दुहेरी संसार तेथे आजही चालू आहे. स्विस रेल्वेची तर स्वतःची जलविद्युत् केंद्रे आहेत.

झुरिकजवळच विंटरथूर हे कारखान्यांचे गाव आहे. आपल्या भोर घाटासाठी १९२८ च्या सुमारास जी मालवाहू विद्युत् इंजिने आली, त्यांतील पहिली काही याच गावी बांधली गेली. आल्प्सच्या वळणांसाठी स्विस अभियंत्यांनी मध्ये सांधे असलेले, दोन्ही बाजूंना लांब नाक असलेले इंजिन तयार केले होते. लोक त्याला 'मगर' म्हणत. लुझर्नच्या वाहतूक संग्रहालयात अशी मगर पाहता येते. तिचीच भावंडे ३७ फुटांत एक फूट चढणाऱ्या आपल्या घाटात आली, आणि आपल्या रेल्वेच्या लोकांनी त्यांचे नाव ठेवले 'खेकडा'! मगरीचा खेकडा झाला, पण तारेतील वीज मात्र तिकडे ए. सी. आणि इकडे डी. सी. होती.

कोमो : व्होल्टाच्या गावी

झुरिकहून मिलानला जाताना गाडी ५७ किलोमीटर लांबीच्या गॉटहार्ड बोगद्यातून जाते. हा बोगदा २०१६ साली खुला झाला. सरहद्दीवर कियासो स्थानक लागते. तेथे स्विस ए. सी. संपतो आणि ३,००० व्होल्टचा इटालियन डी. सी. सुरू होतो. पुढचेच मोठे स्थानक कोमो. १७४५ साली अलेस्सांद्रो व्होल्टाचा जन्म याच गावी झाला. अखंड वाहणारा एकदिश प्रवाह देणारी पहिली बॅटरी त्याने १८०० साली जगापुढे मांडली. तळ्याकाठी त्याच्या उपकरणांचे सुंदर स्मारक-मंदिर आहे. गाडीने व्होल्टाच्या गावी डी. सी.वरच प्रवेश करावा, हा योगायोग मोठा गमतीचा!

आपल्या महाराष्ट्रातही असे एक कियासो होते. ते म्हणजे इगतपुरी. मुंबईकडून येणारा डी. सी. तेथे संपे आणि पुढे ए. सी. सुरू होई. इंजिन बदलण्यासाठी गाडी खोळंबे. पुढे दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने आली. अशा गाड्या सांध्याच्या जागी तारेच्या 'मृत' तुकड्याखालून जात. चालक वीज तोडी, आणि तेवढे अंतर गाडी न्यूटनच्या पहिल्या नियमानुसार केवळ आपल्या जडत्वावर पार करी.

आपली तार कशी बदलली?

भारताने १९५७ साली फ्रेंच रेल्वेचा सल्ला घेऊन २५,००० व्होल्ट, ५० आवर्तनांचा ए. सी. स्वीकारला. नवे मार्ग त्यावर बांधणे सोपे होते. गर्दीचे जुने मार्ग बदलणे कठीण होते, कारण गाड्या एक दिवसही थांबवता येत नव्हत्या. मुंबई–पुणे मार्ग टप्प्याटप्प्याने बदलत गेला. मध्य रेल्वेचा शेवटचा डी. सी. तुकडा, मुंबईचा हार्बर मार्ग, एप्रिल २०१६ मध्ये बदलला. मार्च २०२२ मध्ये पिंपरी ते फुगेवाडी धावू लागलेली मेट्रोही २५,००० व्होल्टवरच चालते.

आता प्रश्न उरतो की एकच गाडी चार प्रकारची वीज कशी पचवते? आलेली वीज कोणतीही असो, आधुनिक इंजिन तिचा प्रथम डी. सी. करते. मग अर्धवाहकांच्या साहाय्याने त्यातून हव्या त्या वारंवारतेचा त्रिकला ए. सी., म्हणजे थ्री-फेज वीज, तयार करते. त्यावर चालणाऱ्या मोटारीला ना कम्युटेटर, ना ब्रश. ही मोटार तुम्ही पाहिलेली आहे. भोसरी-चाकणच्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये लेथ फिरवणारी मोटार बहुधा याच घराण्यातली असते.

आता एक सूचना आणि एक उदाहरण. २५,००० व्होल्टच्या तारेला स्पर्श करावा लागत नाही. जवळ गेलेल्या माणसाकडे ठिणगी झेप घेऊ शकते. उभ्या मालगाडीच्या टपावर गमतीनेही चढू नका, पतंगाचा मांजा तारेत अडकला तर ओढू नका.

आणि उदाहरण असे : पॅरिसची भुयारी रेल्वे अजूनही ७५० व्होल्ट डी. सी.वर चालते. १,५०० किलोवॅट शक्तीच्या गाडीला तेथे किती अँपिअर लागतील? आणि इतका प्रवाह लागूनही भुयारात कमी दाबच का सोयीचा ठरला असेल? बोगद्याचे छत आणि तार यांमधील अंतराचा विचार करा, म्हणजे उत्तर सापडेल.