घाट, ओझे आणि जुने पिकअप

फेब्रुवारी उजाडला की तासगाव-मिरज परिसरातील द्राक्षबागांच्या बांधावर एमएच-१० क्रमांकाचे पिकअप उभे राहू लागतात. त्याच दिवसांत महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी एमएच-११ च्या गाड्यांतून पसरणी घाट उतरून वाईला येत असते, तर कऱ्हाडच्या एमएच-५० च्या गाड्या कुंभार्ली घाटाने चिपळूणला भाजीपाला पोहोचवून येताना मासळी आणतात. यातील कित्येक गाड्यांनी वयाची दहा-बारा वर्षे केव्हाच ओलांडलेली असतात. टाटा ४०७ हे वाहन तर १९८६ पासून रस्त्यावर आहे. मालकाच्या घरातील ते बहुधा एकमेव कमावते यंत्र असते; ऐन हंगामात ते आठ दिवस गॅरेजमध्ये अडकले, तर वर्षाचे गणित बिघडते.

गाडी जुनी असणे हा मात्र दोष नव्हे. टाटाच्या ४९७ इंजिनाच्या नावातच त्याची कुंडली आहे : चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. अशी साधी, दणकट इंजिने नीट जपल्यास पुन्हा पुन्हा बांधता येतात. खरा धोका बोनेटखाली कमी आणि चाकांपाशी अधिक असतो.

उतारावर वेग आवरण्याचे मुख्य काम गिअरचे, ब्रेकचे नव्हे. तरीही डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची, क्वचित इंजिनच बंद करण्याची खोड सुटत नाही. या गाड्यांत ब्रेकला जोर देणारा बूस्टर निर्वातावर चालतो आणि तो निर्वात निर्माण करणारा पंप बहुतेक ठिकाणी अल्टरनेटरलाच जोडलेला असतो. इंजिन थांबले की साठलेला निर्वात दोन-तीनदा पाय दाबेपर्यंत पुरतो. पुढे पेडल दगडासारखे होते. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर पुण्याच्या दिशेने उतार आणि वळणे आहेत. एप्रिल २०१८ मध्ये तेथेच मजुरांना नेणाऱ्या टेम्पोच्या अपघातात १८ जणांचा बळी गेला. कारण कोणतेही असो, ती जागा चुकीला क्षमा करणारी नाही.

पेडल काय सांगते, हे ओळखता आले पाहिजे. ते कडक असूनही गाडी थांबत नसेल, तर लायनर व ड्रम तापले आहेत किंवा बूस्टर निकामी आहे. ते खाली बसत असेल, तर कोठे तरी गळती आहे किंवा ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली आहे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. म्हणून केवळ वरून भर घालणे पुरेसे नाही. दोन वर्षांतून एकदा सगळे ऑइल बदलून एअर काढून घ्यावी. चाकाच्या आतल्या बाजूस ओल दिसली, तर व्हील सिलिंडर गळतो आहे असे समजावे.

आपल्याकडील सर्वांत आवडती दुरुस्ती म्हणजे पाटे वाढविणे. गाडी मागे बसते म्हणून दोन-तीन जादा पाटे चढविले जातात आणि मालक निश्चिंत होतो. येथेच घोटाळा आहे. अनेक पिकअपना मागील ॲक्सलजवळ भारानुसार ब्रेकचा दाब ठरविणारा व्हॉल्व्ह असतो. चासी आणि ॲक्सल यांतील अंतर कमी झाले, की माल भरला आहे असे तो समजतो व मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. जादा पाट्यांमुळे चासी खाली बसतच नाही. गाडी भरलेली असूनही व्हॉल्व्ह तिला रिकामी समजतो आणि थांबविण्याचा सारा भार पुढच्या चाकांवर पडतो. काही मिस्त्री यावर उपाय म्हणून व्हॉल्व्हचा दांडा तारेने बांधून टाकतात. मग पहिल्याच पावसात रिकाम्या गाडीची मागची चाके जाम होऊन ती आडवी फिरते. पाटे मूळ संख्येचे ठेवावेत, थकलेले असतील तर नवे घालावेत; दांड्याची मापे कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे राखावीत. पाटे बदलल्यावर पहिल्या भरलेल्या खेपेनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत. सेंटर बोल्ट तुटला, तर ॲक्सल सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते.

पाटे कडक झाले, की धक्का चासीला सोसावा लागतो. हँगरजवळ रिव्हेट ढिले होतात, बारीक तडे जातात. तड्याच्या टोकाला भोक पाडून, आधारपट्टी लावून अनुभवी माणसाकडूनच वेल्डिंग करून घ्यावे, आणि त्याआधी बॅटरीची वायर काढावी. पाट्यांना मात्र वेल्डिंग कधीच करू नये. मासळीचे खारे पाणी आणि हौद्यात सांडलेले खत यांनी चासी आतून खाल्ली जाते. खेप संपली की गोड्या पाण्याने खालून धुणे हा सर्वांत स्वस्त इलाज होय.

चढावर इंजिन तापते, त्यामागे पुष्कळदा रेडिएटरमध्ये ओतलेले कूपनलिकेचे जड पाणी असते. जत, कवठेमहांकाळकडील चालकांना हे सांगायला नको. क्षार साचून नळ्या बुजतात. त्यावर थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीत चुकीची आहे. इंजिन थंडच राहते, डिझेल जास्त जाते आणि लायनर लवकर झिजतात. शुद्ध पाणी व कूलंट वापरावे. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट गेले आहे. तशी गाडी पुढे रेटू नये.

इंधन पंपाला जुने मिस्त्री आजही ‘मायको’ म्हणतात, कंपनीचे नाव २००८ मध्येच बॉश झाले असले तरी. ताकद वाढावी म्हणून पंपाचा स्क्रू पिळून घेणारे महाभाग कमी नाहीत. काळा धूर आणि तडकलेले पिस्टन हीच त्याची कमाई. फिल्टरखालचे पाणी मात्र नियमित काढावे.

आठ वर्षांनंतर मालवाहू वाहनास दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. अनेक मालक तपासणीच्या आदल्या दिवशी जादा पाटे उतरवतात आणि परतल्यावर पुन्हा चढवतात.