गोवर गेला, पण विषाणू राहिला

पेट परीक्षा झाली की ज्युनिअर विचारतात, "ताई, विषाणू आणि मेंदू या विषयात काय वाचू?" बहुतेकांच्या डोक्यात एचआयव्ही असतो. मी म्हणते, आधी गोवर वाचा. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात, भिवंडीत आणि मालेगावात त्याची साथ आली होती. मालेगाव आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून काही तासांवर आहे.

गोवरात पुरळ जातं, ताप उतरतो आणि घरचे विसरून जातात. पण फार थोड्या मुलांमध्ये विषाणू मेंदूत टिकून राहतो. साधारण 6 ते 10 वर्षांनी मूल अभ्यासात मागे पडतं, त्याचं वागणं बदलतं आणि मग अंगाला ठरावीक अंतराने झटके येऊ लागतात. हा एसएसपीई, म्हणजे सबअ‍ॅक्यूट स्क्लेरोझिंग पॅनएन्सेफलायटिस. बहुतेक वेळा तो जीवघेणा ठरतो.

आता गंमत बघा. या मुलांच्या रक्तात आणि मेंदूभोवतीच्या द्रवात गोवराच्या अँटिबॉडी भरपूर असतात. मग विषाणू वाचतो कसा?

धागा मिळाला 1969 मध्ये. नेहमीच्या पद्धतीने मेंदूच्या ऊतींमधून विषाणू मिळत नव्हता. रुग्णाच्या मेंदूच्या जिवंत पेशी दुसऱ्या पेशींसोबत वाढवल्यावर मात्र तो सापडला. म्हणजे विषाणू पेशीच्या आत होता, फक्त बाहेर पडत नव्हता.

का? नवा विषाणू बांधून पेशीबाहेर काढण्यात एम, म्हणजे मॅट्रिक्स प्रोटीनचा मोठा वाटा असतो. एसएसपीईच्या विषाणूत नेमकं हेच जीन बिघडलेलं असतं. 1988 मध्ये तर गोवराच्याच दुसऱ्या एका मेंदूविकाराच्या (एमआयबीई) रुग्णाच्या विषाणूत या जीनमधले यू बेस घाऊकपणे सी झालेले दिसले. शिवाय पेशींचे पडदे जोडणारं एफ प्रोटीनही बदलतं. त्यामुळे विषाणू बाहेर न येता एका चेतापेशीतून थेट दुसरीत जातो. अँटिबॉडी बाहेर पहारा देत बसतात. बिघाडच त्याच्या पथ्यावर पडतो!

तुमच्यासाठी यातला धडा असा: "अँटिबॉडी वाढल्या, म्हणजे विषाणू संपला" असं प्रपोजलमध्ये लिहू नका. कल्चर निगेटिव्ह आलं, तरी "विषाणू नाही" म्हणायची घाई नको. तो आपल्या जीवनचक्राच्या कोणत्या पायरीवर अडकलाय, हा प्रश्न आधी विचारा.

आणि हा प्रश्न फक्त पुस्तकातला नाही. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्यांना एसएसपीईचा धोका जास्त असतो. 2022 च्या साथीतली ती बाळं आता शाळेच्या वयाची होताहेत. घाबरायचं कारण नाही, आजार दुर्मिळच आहे. पण एखादं मूल अचानक मागे पडलं, झटके येऊ लागले, तर "लहानपणी गोवर झाला होता का?" हे विचारलंच पाहिजे.

एसएसपीईच्या रुग्णांच्या मेंदूत लशीतला विषाणू आजवर सापडलेला नाही, जो सापडतो तो साथीतलाच. म्हणून घरात बाळ असेल तर 9 महिने पूर्ण झाल्यावरचा आणि 16 ते 24 महिन्यांमधला, असे लशीचे दोन्ही डोस झालेत का, ते आजच कार्डावर बघा.