विश्लेषण : कापड आठ वार, खिसा एकही नाही… किल्ट घालून फोटोग्राफी कशी करतात?

स्कॉटलंडमधील लग्नाचा अल्बम उघडला की नवरदेव किल्टमध्ये दिसतो. त्याचे मित्र, भाऊ, बऱ्याचदा दोन्हीकडचे वडीलही. अल्बममध्ये न दिसणारा एक माणूसही अनेकदा किल्टमध्येच असतो, तो म्हणजे फोटोग्राफर. दिवसभर वाकणारा, गुडघ्यावर बसणारा, खुर्चीवर चढणारा आणि प्रसंगी जमिनीवर आडवा होणारा माणूस हा पोशाख का निवडतो? त्यातल्या अडचणी काय? आणि ‘आत काय घातलंय’ या सनातन विनोदाची हद्द कायद्याच्या दृष्टीने कुठे संपते?

किल्ट म्हणजे नेमके काय?

किल्टला ‘पुरुषांचा स्कर्ट’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याची बांधणी आपल्याकडच्या नेसण्याच्या वस्त्रांना अधिक जवळची आहे. पुढे एकमेकांवर येणारे दोन सपाट पल्ले, मागे दाट निऱ्या आणि कमरेला चामडी पट्टे व बक्कल. पारंपरिक शिवलेल्या किल्टला आठ वार लोकरी कापड लागते, म्हणजे नऊवारीपेक्षा एक वार कमी. या निऱ्या रोज घालाव्या लागत नाहीत, त्या शिवून पक्क्या केलेल्या असतात.

वजनाचे गणितही पाहण्यासारखे आहे. जाड किल्टचे कापड ‘१६ औंस’ म्हणून विकले जाते. म्हणजे मोठ्या पन्ह्याच्या एका वाराचे वजन १६ औंस. असे चार वार उभे कापून आठ वार होतात. एकूण ६४ औंस, साधारण १.८ किलो. फुल फ्रेम कॅमेरा आणि त्यावर ७०-२००ची लेन्स लावली तर तेही दोन किलोच्या आसपास जाते. थोडक्यात, गळ्यात जेवढे ओझे तेवढेच कमरेला.

कॅमेऱ्याशी नाते किती जुने?

कलोडनच्या लढाईत जेकोबाइट बंडखोरांचा पराभव झाल्यानंतर ब्रिटिश संसदेने १७४६ मध्ये कायदा करून हायलँड पोशाखावर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. सवलत होती ती सैन्यातील हायलँड पलटणींना. बंदी उठली १७८२ मध्ये. पुढे १८२२ मध्ये राजे चौथे जॉर्ज एडिंबरोला आले, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी आखलेल्या सोहळ्यात स्वतः राजानेच किल्ट घातला आणि बंडखोरांचा मानलेला पोशाख प्रतिष्ठेचा झाला.

बंदीच्या कायद्याला बरोबर १०० वर्षे झाली त्या १८४६ मध्ये डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट अ‍ॅडमसन या जोडीने एडिंबरोच्या किल्ल्यात गॉर्डन हायलँडर्सच्या सैनिकांचे फोटो काढले. १८६३ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विल्सन यांनी बालमोरल येथे राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या घोड्याजवळ किल्टमध्ये उभा असलेला सेवक जॉन ब्राउन यांना टिपले. किल्ट भिंगासमोर यायला वेळ लागला नाही. भिंगामागे काम करताना मात्र त्याची खरी परीक्षा होते.

मग फोटोग्राफर तो का घालतात?

मुख्य कारण म्हणजे गर्दीत मिसळून जाता येते. सगळे पाहुणे किल्टमध्ये असताना पँट-शर्टातला कॅमेरावाला ‘बाहेरचा’ म्हणून उठून दिसतो. लोक सावध होतात, पोझ देतात. तोच किल्टमध्ये असेल तर पाहुण्यांपैकी एक वाटतो आणि नैसर्गिक क्षण सापडतात. दुसरे कारण अगदीच व्यावहारिक. सकाळी वधूच्या घरापासून रात्रीच्या केली नृत्यापर्यंत दहा-बारा तास उभे राहायचे असते. किल्ट मांड्यांत काचत नाही, पाय मोकळे राहतात, आणि लोकर थंडीत ऊब देते. तरीही सगळेच तो घालत नाहीत. हा ज्याच्या त्याच्या सोयीचा मामला आहे.

अडचण नेमकी कुठे येते?

नऊवारी नेसून आपल्याकडच्या बायकांनी पिढ्यानपिढ्या भातलावणी केली, डोक्यावर मासळीच्या पाट्या वाहिल्या. ते शक्य झाले काष्ट्यामुळे. धोतराचेही तेच. किल्टला काष्टा नाही. उभे राहणे, चालणे, नाचणे यासाठी तो उत्तम, पण फोटोग्राफीला लागते ती नेमकी उलटी हालचाल : लहान मुलाच्या उंचीवर उतरणे, खालून कोन साधणे, जिन्याच्या वरच्या पायरीवरून टिपणे.

त्यामुळे तंत्र बदलावे लागते. एक गुडघा टेकून दुसरा वर ठेवण्याची फोटोग्राफरची नेहमीची बैठक इथे धोक्याची. दोन्ही गुडघे टेकायचे, किंवा पुढचा पल्ला हाताने दोन पायांमध्ये खाली सारून मगच खाली जायचे. बसताना मागच्या निऱ्या तळहाताने सपाट करायच्या, नाहीतर उठल्यावर चुरगळलेल्या निऱ्या दिवसभर तशाच मिरवाव्या लागतात. किल्टची टाचपिन दोन्ही पल्ल्यांतून घालून ‘सुरक्षा’ करण्याचा मोह नवख्यांना होतो. तो टाळायचा. पिन फक्त वरच्या पल्ल्यालाच असते, दोन्ही शिवल्यागत झाले की चालताना ताण येऊन कापड फाटते.

मग येतो स्पॉरन, म्हणजे पुढे साखळीने लटकणारा चामडी बटवा. किल्टला खिसा नसल्याने तो हवाच. पण गळ्यातला कॅमेरा खाली सोडला की नेमका त्याच्या धातूच्या पट्टीवर आपटतो. उपाय सोपा आहे, बटवा कमरेवर बाजूला सरकवायचा. स्कॉटलंडच्या पाइप बँडमधील ढोलवादकही तेच करतात. बॅटऱ्या आणि कार्डांसाठी मात्र कमरपट्ट्याला वेगळ्या पिशव्या लागतातच.

निसर्गही मदत करतो असे नाही. भिजलेली लोकर जड होते. उन्हाळ्यात हायलँड्समध्ये मिज नावाच्या चावऱ्या चिलटांचे थवे असतात, आणि दोन्ही हात कॅमेऱ्यावर असलेल्या माणसाचे उघडे गुडघे म्हणजे त्यांना पंगतच.

रंगाचा एक मुद्दा सहसा लक्षात येत नाही. भडक लाल टार्टन घालून वधूच्या पांढऱ्या पोशाखाजवळ उभे राहिले तर उन्हात त्या लालीची छटा पांढऱ्यावर उतरू शकते. काच, आरसे, चकचकीत गाड्या यांत प्रतिबिंब दिसते ते वेगळेच. म्हणून गडद हिरव्या-निळ्या ‘ब्लॅक वॉच’सारखे टार्टन किंवा साधा करडा किल्ट कामाला बरा.

अमेरिकेतील सिएटल शहरात २०००च्या सुमारास ‘युटिलिकिल्ट्स’ने जाड सुती कापडाचे, मोठ्या खिशांचे किल्ट विकायला सुरुवात केली. त्यात लेन्सही मावते. परंपरावाद्यांना तो किल्ट वाटत नाही, पण कामाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांच्या आक्षेपाला फारसा अर्थ उरत नाही.

थट्टा कुठे संपते?

हा सगळ्यात अवघड भाग. किल्टखाली काही घालत नाहीत ही सैनिकी परंपरेतून आलेली ख्याती. ‘स्कॉटिश टार्टन्स अथॉरिटी’च्या संचालकांनी २०१० मध्ये अंतर्वस्त्र घालण्याचा सल्ला दिला, तेव्हा त्यावरही वाद झाला. काम करणाऱ्या फोटोग्राफरने या वादात पडूच नये. आत आखूड, गडद रंगाची सायकलिंग शॉर्ट्स घातली की अर्धे प्रश्न मिटतात.

उरलेले अर्धे त्याच्या हातात नसतात. दोन्ही हात कॅमेऱ्यात गुंतलेले आणि डोळा व्ह्यूफाइंडरला. अशा वेळी मागून कुणी ‘गंमत’ म्हणून किल्ट वर करते. काही वर्षांपूर्वी इन्व्हर्नेसमधील एका पबमध्ये ग्राहक महिलांच्या अशाच चाळ्यांना कंटाळून पुरुष कर्मचाऱ्यांनी कामावर किल्ट घालणे सोडल्याच्या बातम्या आल्या होत्या. हेच स्कर्टमधल्या महिला कर्मचाऱ्याबाबत घडले असते तर कुणी हसले नसते.

कायदा याकडे विनोद म्हणून पाहत नाही. स्कॉटलंडमध्ये लैंगिक गुन्ह्यांच्या २००९च्या कायद्यात पुढच्याच वर्षी सुधारणा होऊन कपड्यांखालून संमतीविना फोटो काढणे गुन्हा ठरले. कमाल शिक्षा पाच वर्षे. इंग्लंड आणि वेल्समध्ये असा स्वतंत्र गुन्हा २०१९ मध्ये आला, तिथे कमाल शिक्षा दोन वर्षे. दोन्हीकडे पीडित स्त्रीच असली पाहिजे अशी अट नाही, त्यामुळे किल्टही त्यात येतो. मर्जीविरुद्ध लैंगिक स्पर्श झाला, तर स्कॉटलंडच्या याच कायद्यातील लैंगिक हल्ल्याचे कलम पुरुष पीडितालाही लागू होते.

भारतात काय तरतूद आहे?

आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ चोरून पाहणे वा चित्रित करणे याबाबत आहे, पण ते पीडित स्त्री असेल तरच लागू होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ई मात्र ‘कोणतीही व्यक्ती’ असे म्हणते. संमतीविना कुणाच्याही खासगी अवयवांचे, अंतर्वस्त्रात असले तरी, चित्रण वा प्रसारण केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. लुंगी किंवा धोतर नेसलेल्या माणसाचा असा ‘गमतीचा’ व्हिडीओ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुढे ढकलणाराही या कलमाच्या कक्षेत येऊ शकतो.